गुळवेलीचा काढा : ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

पापडी (वसई) : कुंपणावर सहज चढणारी गुळवेल करोनाच्या साथीत अनेकांच्या काढ्यात उतरली. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने सुचविलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका होत्या. ऑक्टोबरमधील उपचारसूचीत गुळवेलही आली.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध होताच, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, ती सारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये मात्र देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली.

याचे कारण काय? गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतविते. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वत:च्याच शरीरावर उलटते, त्यांच्या यकृतावर ती घाला घालू शकते, असे यकृततज्ज्ञांचे मत आहे.

म्हणूनच यकृताचा वा प्रतिकारशक्तीचा विकार असणाऱ्यांनी सल्ल्याविना गुळवेल घेऊ नये. डोळे पिवळे दिसल्यास वा लघवी गडद झाल्यास काढा थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काय, किती दिवस घेतले, हे न लपविता सांगावे.