बैलांचा बाजार : तगर ते माळेगाव

मराठवाड्यातील ढोकीजवळचे तेर हेच प्राचीन तगर होय, असे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ साली साधार प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या मजलेवरील या नगरातून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई, असा उल्लेख आहे. त्या गाड्यांचे बैल कोठून येत, याविषयी मात्र त्या वृत्ताचा कर्ता दर्यावर्दी व्यापारी अवाक्षर काढीत नाही.

मराठवाड्यात जनावरांच्या बाजाराचा मान आज नांदेड जिल्ह्यातील, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेकडे जातो. मार्गशीर्षाच्या अमावास्येच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत लालकंधारी व देवणी गुरांच्या शेजारीच घोडे, गाढवे व उंट यांचेही तळ पडतात. बैल आदत (दुधाचे दात असलेला), दोनदाती की जुळलेला (सर्व दात आलेला), हे दात पाहून ठरल्यावर, आणि खूर, खांदा व चाल निरखून झाल्यावर, हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आपला हात उपरण्याखाली सरकवून समोरच्याच्या बोटांवर आकडा सांगतो. बघ्यांना किंमत कळू नये ही त्यातील खुबी खरी, परंतु गरजू शेतकऱ्याची अडवणूकही त्याच पडद्याआड होते.

यात्रेतील पशुप्रदर्शन, कुस्त्या व लावणी महोत्सव यांची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. बैलबाजाराचे म्हणाल तर, ट्रॅक्टरने नांगरटीतला बैल बहुतांशी हटविला. तथापि साखर कारखान्यांच्या मुलखात ऊसवाहतुकीच्या गाडीसाठी दमदार जोडीला अद्याप गिऱ्हाईक आहे.