स्वप्नाचा अर्थ कोणाला विचारावा?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. तरीही एखादे विलक्षण स्वप्न पडले, की आपण स्वतःच्या मनाकडे न वळता स्वप्नफलाच्या पुस्तकाकडे वळतो. दात पडला तर अमुक, सर्प दिसला तर तमुक, अशी तयार उत्तरे तेथे मिळतात. त्यांनी कधी फुकाचा आनंद होतो, तर कधी आठ आठ दिवस जिवाला घोर लागतो. मानसोपचारात स्वप्नांचा जो उपयोग करतात, तो मात्र त्या म्हणीच्याच वाटेने जातो.

एक उदाहरण घेऊ. म्हैसूर जिल्ह्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कानडीत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. गावालगतच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. ‘सिडिलु’ म्हणजे वीज. समजा, तेथील एका गृहस्थाला स्वप्नात डोंगर दिसला आणि त्याच रात्री पुण्यातील एका गृहिणीलाही दिसला. पुस्तक दोघांना एकच फळ सांगेल. परंतु त्या गृहस्थाला डोंगर म्हटला, की आजीचे बोट धरून चढलेल्या पायऱ्या आणि विजेची भीती आठवेल. गृहिणीला सिंहगडाची सहल आठवेल आणि लग्नानंतर तुटलेली मैत्रिणींची संगत. चित्र एकच, पण अर्थ दोन. आणि तो अर्थ ज्याचा त्यानेच सांगावयाचा.

हा विचार व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी मानसोपचारात रुजविला. स्वप्नांवरील त्यांचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस निघाला. स्वप्नातील एकेका गोष्टीवरून मनात जे येईल ते निःसंकोच बोलावे, असे ते रुग्णास सांगत. आपल्याकडे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. प्रत्येक स्वप्नामागे दडपलेली इच्छाच असते, हे फ्रॉइड यांचे मत आज सर्वमान्य नाही. पण अर्थ स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारण्याची त्यांची रीत टिकून राहिली.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ते भारतात आले होते. म्हैसूरच्या महाराजांचे गुरू सुब्रह्मण्य अय्यर यांच्याशी त्यांचा सखोल संवाद झाला. पुढे कलकत्त्यास आमांशामुळे त्यांना दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्यानंतर त्यांना एक स्वप्न पडले. त्यात ना देऊळ होते, ना गंगा. इंग्लंडच्या दक्षिणेकडील एका बेटावर ते झुरिकच्या मित्रांसह होते. ख्रिस्ती कथांतील पवित्र पात्र किल्ल्यात आणावयाचे होते. वाटेत समुद्राची खाडी आडवी आली. पूल नाही, नाव नाही. सोबती एकेक करून झोपी गेले, आणि युंग एकटेच पोहून जाण्यास सिद्ध झाले. भारताने भारावून गेलेल्या या माणसाने त्या स्वप्नातून असा बोध घेतला, की आपले काम आपल्याच लोकांत आहे, तिकडे परतले पाहिजे. हा अर्थ त्यांना कोणत्या पुस्तकात सापडला असता?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लारा हिल यांनी या कामाचे तीन टप्पे सांगितले आहेत : शोध, बोध आणि कृती. आमच्या गृहिणीने प्रथम डोंगराशी निगडित आठवणी व भावना शोधाव्यात. मग आजच्या आयुष्यात ही हुरहूर कोठे आहे, ते ओळखावे. आणि अखेर एका जुन्या मैत्रिणीस पत्र लिहावे. कृतीवाचून बोध पांगळा राहतो.

वाचकहो, हे आपणांसही करता येईल. उशाशी वही ठेवा. जाग येताच, अंथरूण सोडण्यापूर्वी स्वप्न जसेच्या तसे लिहा. त्या वेळी काय वाटले, तेही नोंदवा. भीती, लाज, आनंद यांचा धागा घटनांहून महत्त्वाचा असतो. अर्थ लगेच लागला नाही तर ओढूनताणून लावू नका. दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ तर मुळीच सांगू नका. मूल रात्री दचकून उठले, तर ‘काही नाही, झोप’ म्हणण्याऐवजी त्याला जवळ घ्या आणि ‘काय दिसले? तुला काय वाटले?’ असे विचारा.

मात्र अपघात, मृत्यू किंवा अत्याचार यांनंतर तेच भयस्वप्न वारंवार पडत असेल, झोपेची धास्ती वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये; मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. अशा स्वप्नांवर उपचार आहेत. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ सालापासून उपलब्ध आहे. अशी मदत मागण्यात कमीपणा मानू नये.