हिपॅटायटिस सी बरा झाला, मग सोनोग्राफी कशाला? एफआयबी-४ चं गणित समजून घ्या

मी मूळचा अकोल्याचा, काम सॉफ्टवेअरचं. अकोला-अमरावतीचे नातेवाईक लॅब रिपोर्टचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, कारण "पोरगा कम्प्युटरवाला हाय!" मी डॉक्टर नाही, पण रिपोर्टमधल्या आकड्यांचं गणित नक्की सांगू शकतो.

औषधाने काय होतं?

सोफोसबुविर आणि सोबत डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, अशा गोळ्या साधारण १२ आठवडे, काहींना २४ आठवडे घ्याव्या लागतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्टमध्ये व्हायरस सापडला नाही, की आजार बरा झाला. अँटिबॉडी टेस्ट मात्र पुढेही पॉझिटिव्ह येऊ शकते. ती जुनी लॉग फाइल समजा, घाबरू नका.

पण व्हायरस गेला म्हणजे लिव्हर नवंकोरं झालं असं नाही. वर्षानुवर्षांच्या सुजेमुळे लिव्हरवर पडलेले व्रण हळूहळू भरतात. सिरोसिसपर्यंत गेलेलं लिव्हर पूर्ण पूर्ववत होईलच असं नाही.

एफआयबी-४ कसा काढायचा?

(वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × √एसजीपीटी)

प्लेटलेट इथे हजारात लिहायच्या. आपल्याकडे रिपोर्टवर "१.३ लाख" असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये १३० टाका. १.३ टाकलं तर उत्तर शंभरपट चुकेल!

समजा वय ५२, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १३०. उत्तर येतं ४.०. उपचाराआधी १.४५ च्या खाली असेल तर जास्त व्रण असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर जास्त. मधल्या आकड्याला फायब्रोस्कॅनसारखी तपासणी लागते.

खरी गंमत इथे आहे

याच माणसाचे वर्षभरानंतरचे आकडे समजा असे: वय ५३, एसजीओटी ३२, एसजीपीटी २५, प्लेटलेट १४०. आता उत्तर २.४. वाटतं, लिव्हर सुधारलं! पण सूज उतरली की एसजीओटी आणि एसजीपीटी लगेच खाली येतात, व्रण तितक्या वेगाने जात नाहीत. म्हणजे आउटपुट बदललं ते मुख्यतः इनपुट बदलल्यामुळे.

म्हणून उपचाराआधी सिरोसिस असेल तर नंतरचा छान आकडा पाहून तपासण्या बंद करू नका. व्हायरस गेल्यावर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. अशांना दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली जाते. गाठ लहान असताना सापडली तर उपचाराचे पर्याय जास्त असतात. व्रण कमी असतील, दारू, लठ्ठपणा किंवा डायबेटिस नसेल, तर सहसा एवढा पाठपुरावा लागत नाही. आणि हो, एकदा बरा झालेला आजार दूषित सुई किंवा रक्तातून पुन्हा होऊ शकतो.

तर आजच एक काम करा. घरात कुणी हा उपचार घेतला असेल तर त्यांचा उपचाराआधीचा रिपोर्ट शोधा, फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, "तेव्हा सिरोसिस होता का?" पुढची सोनोग्राफी लागेल की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.