सोलो स्कुबाचं सर्टिफिकेट घ्यावं का? संभाजीनगरहून समुद्र गाठणाऱ्यांनी आधी हा हिशोब बघा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरहून मालवणकडे गाड्या भरून निघतात. दोन दिवसांनी स्टेटसला व्हिडिओ येतो. तारकर्लीचं पाणी, आजूबाजूला मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून वर केलेला अंगठा.

गंमत म्हणजे डायव्हिंगच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ "मस्त" असा नसून "वर चला" असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात.

यातल्या काहींना पाण्याची खरंच गोडी लागते. ते रीतसर कोर्स करतात आणि मग अडचण येते जोडीदाराची. मित्र डायव्हिंग करत नाहीत, घरच्यांना रस नाही. दरवेळी बोटीवर एखादा अनोळखी माणूस "हा तुमचा बडी" म्हणून जोडून दिला जातो. तेव्हा प्रश्न पडतो, एकट्याने डाइव्ह करण्याचं सर्टिफिकेट मिळतं म्हणे, ते घेऊन टाकावं का?

तारकर्लीला केलं ते काय होतं?

पर्यटक करतात ती ओळखीची डाइव्ह. सर्टिफिकेट लागत नाही आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. श्वास घेणं आणि न घाबरणं एवढंच तुमचं काम.

खरी सुरुवात ओपन वॉटर कोर्सपासून होते. साधारण ३-४ दिवस लागतात, समुद्रात ४ डाइव्ह होतात आणि जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. तारकर्लीलाच एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. पुढची पायरी अॅडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटरपर्यंत. त्यानंतर दुसऱ्याला वाचवायला शिकवणारा रेस्क्यू कोर्स.

मग सोलो कुठे येतं?

बरंच पुढे. एसडीआय या संस्थेच्या सोलो डायव्हर कोर्ससाठी वय किमान २१ आणि नोंद केलेल्या १०० डाइव्ह लागतात. पॅडीचा अशाच प्रकारचा कोर्स आहे, त्याचं नाव सेल्फ-रिलायंट डायव्हर, म्हणजे स्वावलंबी डायव्हर. तिथे वयाची अट १८ आहे, पण १०० डाइव्हची अट तीच.

आता हिशोब करा. संभाजीनगरचा माणूस वर्षातून एकदा समुद्रावर गेला आणि प्रत्येक वेळी ८ डाइव्ह केल्या, तर शंभरी गाठायला १२ वर्षांहून जास्त लागतील. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे ४ महिने आधीच वजा.

कोर्समध्ये शिकवतात काय?

मुख्य धडा असा की पाण्याखाली जे बंद पडू शकतं, त्याला पर्याय तुमच्याच अंगावर हवा. दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर, जादा मास्क, कापायचं साधन आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे स्वतंत्र रेग्युलेटर असलेला छोटा जादा सिलिंडर.

हा छोटा सिलिंडर किती मोठा हवा, हे अंदाजाने ठरवत नाहीत. समजा तुम्ही २० मीटरवर आहात आणि मुख्य सिलिंडरची हवा बंद झाली. घाबरलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला ४० लिटर हवा ओढेल असं धरू. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून तिथे मिनिटाला १२० लिटर. एक मिनिट सावरायला, मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर आणि ५ मीटरवर ३ मिनिटांचा सुरक्षा थांबा. बेरीज होते साधारण ४८० लिटर. २०० बारपर्यंत भरलेल्या ३ लिटरच्या सिलिंडरमध्ये ६०० लिटर हवा असते. म्हणजे पुरते, पण फार उरत नाही.

धोका नेमका कशाचा?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था डायव्हिंगमधल्या अपघातांचा अभ्यास करते. तिच्या संशोधकांनी ९४७ मृत्यूंची तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या घटनांत सुरुवात कशाने झाली हे कळू शकलं, त्यांतल्या ४१ टक्के घटनांत हवा संपणं किंवा कमी पडणं हे कारण होतं. २० टक्के घटनांत माणूस अडकला होता आणि १५ टक्क्यांत उपकरणांची अडचण होती.

सोलो कोर्स नेमकी याच तिन्हींची तयारी करून घेतो. पण त्याच अभ्यासात जीवघेणी ठरलेली इजा म्हणून हृदयविकाराच्या घटनाही २६ टक्के होत्या. पाण्याखाली शुद्ध हरपली तर जादा सिलिंडर असून उपयोग नाही. तिथे दुसरा माणूसच लागतो. ही उणीव कुठलंही सर्टिफिकेट भरून काढत नाही.

कार्ड दाखवलं की एकट्याला सोडतात का?

याची हमी नाही. हे कार्ड प्रशिक्षणाचा पुरावा आहे, परवाना नव्हे. एकट्याला पाण्यात सोडायचं की नाही, हे डाइव्ह सेंटर आणि बोटवाले ठरवतात. तारकर्ली असो, गोव्याचं ग्रांद बेट असो, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी असो की अंदमान, फक्त सोलोसाठी पैसे घालणार असाल तर जिथे जायचं त्या सेंटरला आधी फोन करा.

"मग नाथसागरात सराव करू?"

जायकवाडीचं पाणी घराजवळ आहे, म्हणून हा विचार येतो. पण नाथसागर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर आहे. ३०० मीटरच्या वर गेलं की ती उंचीवरची डाइव्ह धरली जाते आणि तिचं गणित वेगळं असतं. त्यात गढूळ पाणी आणि मासेमारीची जाळी. एकट्याने अडकण्यासाठी याहून वाईट जागा शोधावी लागेल. शिवाय हे पक्षी अभयारण्य आहे आणि शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं. परवानगीचा प्रश्न वेगळाच.

परतीच्या प्रवासाचंही तसंच. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन उरलेला असतो. एका डाइव्हनंतर १२ तास आणि लागोपाठ अनेक डाइव्ह केल्यास १८ तास विमानात बसू नये, असं डॅन सांगते. हा सल्ला सुमारे ६०० मीटर आणि त्यावरच्या उंचीसाठी आहे. आंबोली घाट सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोलीमार्गे घरी निघणं हेही त्यातच आलं. सांधे दुखू लागले, हातपाय बधिर झाले तर सोबतच्याला ते आधी जाणवतं. गाडीत एकटा असलेला माणूस "दमलोय" म्हणून सोडून देतो.

मग घ्यावं का?

शंभराच्या आसपास डाइव्ह झाल्या असतील, पाण्याखाली फोटो काढताना जोडीदारापासून लांब जायची सवय असेल किंवा दरवेळी अनोळखी बडी मिळत असेल, तर हा कोर्स जरूर करा. एकट्याने कधीच उतरला नाहीत तरी जादा हवा आणि हवेचं गणित तुमच्यासोबत राहतं. जोडीदार गडबडला तर ते त्याच्याही कामी येतं.

२०-३० डाइव्ह झाल्या असतील तर तेच पैसे रेस्क्यू कोर्सवर घाला आणि उरलेल्या पैशांत आणखी डाइव्ह करा. आणि फक्त तारकर्लीचा व्हिडिओ हाताशी असेल, तर आधी ओपन वॉटर. शक्य झालं तर शहरातल्याच एखाद्या मित्राला सोबत घेऊन करा, म्हणजे जोडीदाराचा प्रश्न तिथेच सुटेल.