पुढच्या एक्सलला लॉकर बसवायचाय? आधी हे ऐका

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. अडखळलेले भाग काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० – प्रश्न काय आहे

फोर बाय फोरवरच्या भागानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून आला: "जिप्सीला मागे डिफ-लॉक टाकलाय, आता पुढेही टाकू का?"

मी दिवसभर कोड लिहितो, गॅरेज हा माझा धंदा नाही. पण मित्राच्या जिप्सीचा पुढचा डिफरन्शियल आम्ही एका अनुभवी मेकॅनिक काकांच्या हाताखाली बसून उघडला, एअर लॉकर बसवला, आणि नंतरचे दोन पावसाळे तो वापरलाय. त्यामुळे आज थिअरी आणि ग्रीस, दोन्ही.

उत्तर थोडक्यात सांगतो. लॉकरने इंजिनची ताकद वाढत नाही, आहे त्या ताकदीची वाटणी बदलते. आणि पुढच्या एक्सलवर वाटणी बदलली की त्याचा भार दोन ठिकाणी येतो: स्टिअरिंगवर आणि शाफ्टच्या जॉइंटवर. हे दोन्ही सांभाळायची तयारी असेल तरच पैसे घाला.

०१:२० – ओपन डिफरन्शियल नेमकं काय करतो

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. जिप्सीच्या पुढच्या दोन चाकांमध्ये साधारण १.३ मीटर अंतर आहे. तिने तंग वळणात एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे सात मीटर जास्त पळतं. हा फरक पचवायला डिफरन्शियल असतो. तो दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो.

पण त्याची एक अट आहे. वेग वेगळा चालेल, टॉर्क मात्र दोघांना सारखाच. आपल्या कोडच्या भाषेत हे 'मिन' फंक्शन आहे. ज्या चाकाला कमी पकड, त्याला जेवढा टॉर्क पेलवतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक हवेत लटकलं की ते जवळजवळ शून्य पेलतं, म्हणून खडकावर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही जवळजवळ शून्य. हवेतलं चाक भन्नाट फिरतं आणि गाडी जागची हलत नाही.

फोर बाय फोर असूनही असं होतं का? होतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, की पुढचाही डिफरन्शियल हरला आणि मागचाही. ओढ्याच्या काठावर गाडी तिरकी घातली की ही परिस्थिती हमखास येते.

लॉकर दोन्ही शाफ्ट एकत्र जखडतो. आता दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, आणि टॉर्क जिथे पकड आहे तिथे जाणार. 'मिन' फंक्शन गेलं.

०३:०० – मग पुढे कशाला, मागचा पुरत नाही का?

बहुतेक वेळा पुरतो. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पकड मागच्या चाकांकडे जाते, म्हणून पहिला लॉकर साधारणपणे मागे टाकतात. महिंद्रा थारच्या काही मॉडेल्समध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल कंपनीतूनच येतो.

पुढचा लॉकर कामाला येतो तो पायरीवर. समोर गुडघाभर उंच दगड आहे, आणि मागची चाकं नुसती ढकलतायत. ढकलण्याने पुढचं चाक दगडावर दाबलं जातं, पण चढत नाही. ते वर चढायला त्याने स्वतः ओढावं लागतं. दुसरी जागा म्हणजे उलट्या दिशेने चढ काढणं. रिव्हर्समध्ये वर जाताना वजन पुढच्या चाकांवर असतं.

तुमच्या वाटा जर चिखल, शेतरस्ता आणि घाटातला कच्चा ट्रॅक एवढ्याच असतील, तर आधी चांगले टायर घ्या, हवा कमी करायला शिका, आणि मागच्या लॉकरवर थांबा. मारुतीच्या नव्या जिम्नीसारख्या गाडीत ब्रेकवर चालणारी सिस्टीम असते. ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, म्हणजे कृत्रिम अडथळा तयार करून ते 'मिन' वर उचलते. लॉकरइतकी ठाम नाही, पण बऱ्याच जागी काम भागवते. आणि ज्यांना दोन्हीकडे लॉक हवाय आणि खोलाखोल नको, त्यांच्यासाठी पुण्याच्या फोर्स मोटर्सची फोर बाय फोर गुरखा आहे. तिच्यात पुढे-मागे दोन्ही लॉक कंपनीतूनच येतात.

०४:४० – कुठला लॉकर?

पहिला प्रकार ऑटोमॅटिक, ज्याला 'लंचबॉक्स' म्हणतात. जुन्या डिफरन्शियलच्या केसमधले छोटे गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी हा ठेवायचा. स्वस्त पडतो, वायरिंग नाही, कॉम्प्रेसर नाही. पण बंद करायचं बटणही नाही. जिप्सीत पुढे फ्री-व्हील हब असतात, त्यामुळे टू-व्हीलमध्ये हब मोकळे केले की रस्त्यावर त्याचा त्रास नाही. ज्या गाडीत पुढचे हब सुटत नाहीत, तिथे तो डांबरी रस्त्यावरही स्टिअरिंग ओढू शकतो. आणि फोर बाय फोर लावला की तो हजर झालाच, तुमची इच्छा असो वा नसो.

दुसरा, बटणावर चालणारा: हवेचा किंवा इलेक्ट्रिक. बटण बंद असताना हा साधा ओपन डिफरन्शियल असतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर यातला सगळ्यात ओळखीचा. पुढच्या एक्सलसाठी माझं मत याच बाजूने आहे, कारण पुढचा लॉक तुम्हाला फार थोडा वेळ हवा असतो. काही सेकंद, मग बंद.

०५:५० – बसवताना काय काय होतं

जिप्सीचा पुढचा एक्सल सरळ, एकसंध आहे, म्हणून काम समजायला सोपं. गाडी स्टँडवर, तेल खाली, चाकं, ब्रेक, हब काढून दोन्ही शाफ्ट बाहेर ओढायचे. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा. मग डिफरन्शियलचा पूर्ण गोळा हाऊसिंगमधून बाहेर येतो आणि टेबलावर काम करता येतं.

इथे तीन गोष्टींवर नजर ठेवा, काम कुणीही करत असो.

पहिली: बेअरिंगच्या टोप्या. उघडण्याआधी डावी-उजवी खूण करून घ्या. त्या आपापल्या जागेवर बसवूनच मशीन केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

दुसरी: बॅकलॅश, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला प्ले. हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा खेळ आहे. तो डायल गेजने मोजायचा आणि आकडा तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. "हाताने हलवून पाहिलं, बरोबर आहे" हे उत्तर स्वीकारू नका. प्ले कमी राहिला तर दात तापतात, जास्त राहिला तर आपटतात. शेवटी दातांना रंग लावून ठसा बघायचा; तो दाताच्या मधोमध हवा, कडेला नको.

तिसरी: हवेची नळी. एअर लॉकरमध्ये हाऊसिंगला भोक पाडून नळी आत न्यावी लागते. ती सायलेन्सरपासून लांब आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लटकलं तरी ताणली जाणार नाही, इतकी सैल हवी. आतलं सील गळलं तर हवा हाऊसिंगमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून तेल बाहेर फेकते. ब्रीदरपाशी तेल दिसलं तर आधी तिथेच संशय घ्या.

वायरिंगमध्ये आम्ही एक सोपी अट घातली: मागचा लॉक चालू असेल तरच पुढच्या बटणाला करंट मिळेल. दोन 'इफ' एकात एक. घाईत चुकीचं बटण दाबलं तरी फक्त पुढचाच लॉक लागला असं होत नाही.

०७:४० – काय तुटतं आणि काय घसरतं

हा भाग दोनदा ऐका.

ओपन डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर एक्सलच्या टॉर्कपैकी जास्तीत जास्त निम्मा येतो. लॉक केल्यावर, एक चाक हवेत असेल तर जवळजवळ सगळा एकाच शाफ्टवर येऊ शकतो. म्हणजे दुप्पट. त्यात पुढच्या शाफ्टला वळणारा जॉइंट असतो, आणि तो जितका जास्त वळलेला, तितका कमजोर. वर मोठे टायर टाकले असतील तर त्यांचीही भर. स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, लॉक चालू आणि पाय ॲक्सिलरेटरवर: जॉइंट तुटायची हीच रेसिपी आहे. नेटवर्क नसलेल्या दरीत, पावसात.

दुसरं तुटण्यापेक्षा गंभीर. पुढचा लॉक चालू असताना गाडी सरळ जायला बघते. स्टिअरिंग जड होतं आणि वळण रुंद होतं. आडव्या उतारावर तर जास्तच जपा. ओपन डिफरन्शियलमध्ये साधारण एकच चाक फिरकी घेतं, दुसरं गाडीला धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचं तोंड खालच्या बाजूला घसरतं. खाली दरी असेल तर हे शिकायची जागा ती नाही.

म्हणून आमचा नियम: अडथळ्याआधी थांबा, फोर लो, चाकं सरळ, लॉक लावा, अगदी हळू पार करा, लगेच काढा. दिवा विझला नाही तर शाफ्टमध्ये पीळ अडकलाय. थोडं पुढे-मागे सरळ घ्या, सुटेल. डांबरावर लॉक कधीच नाही.

०९:१० – मग टाकू का?

मागचा लॉकर असूनही त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा अडकत असाल, सोबत दुसरी गाडी असते, आणि डब्यात जास्तीचा शाफ्ट-जॉइंट ठेवायची व तो बदलायची तयारी आहे, तर जरूर टाका. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर गिअर ऑइल बदला. त्यात धातूचा चुरा किती आहे ते बघितलं की काम कसं झालंय ते कळतं.

फक्त डॅशबोर्डवर अजून एक बटण हवंय म्हणून टाकत असाल, तर तेच पैसे टायर आणि एका चांगल्या ट्रेनिंगवर लावा.

पुढच्या भागात टायरमधली हवा: किती कमी करायची, कुठे, आणि परत कशी भरायची. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. भेटूया!