घरात सडक्या अंड्याचा वास येतोय? गटाराचा की गॅसचा, आधी ओळखा!

मे महिन्याची सुट्टी संपवून गावाहून परतावे, कुलूप उघडावे आणि सडक्या अंड्यासारखा वास नाकात शिरावा. बहुतेक वेळा दोष मोरीचा असतो. पण त्या भरवशावर दिव्याचे बटण दाबू नका.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हे रसायन गंधकयुक्त असते आणि मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइडही गंधकाचाच. म्हणून नाक फसते. त्यात एलपीजी हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो, मोरीच्या जाळीतही उतरतो. त्यामुळे वास मोरीपाशी येतोय म्हणून सिलिंडर निर्दोष ठरत नाही. (पाइपने येणारा गॅस मात्र हलका, तो छताकडे जातो.)

खात्री नसेल तर गॅसच समजा. कुठलेही बटण चालू वा बंद करू नका, एक्झॉस्ट फॅनचेही नाही. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर मुख्य कॉक. देवघरातला दिवा विझवा, दारे-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. एलपीजी गळतीसाठी १९०६ या क्रमांकावर फोन करा, तोही बाहेर गेल्यावर. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो.

गॅस नाही हे नक्की झाले, की मोरीकडे वळा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी साचलेले असते. गटाराची हवा तेच अडवते. घर बंद राहिले की ते आटते. बादलीभर पाणी ओता, वास थांबतो. पुन्हा बाहेरगावी जाणार असाल तर वर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. तरीही वास राहिला तर वॉशिंग मशीनचा पाइप ट्रॅपशिवाय थेट ड्रेनेजला जोडलाय का, हे पाहा. फ्लश केल्यावर मोरीत गुडगुड होत असेल, तर गच्चीवरचा व्हेंट पाइप तुंबला असण्याची शक्यता असते. ते काम प्लंबरचे. वासावर उपाय म्हणून अॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतणे हा तर निव्वळ धोका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

बंगल्यात वा गावाकडे सेप्टिक टाकी असेल, तर झाकण उघडून डोकावू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होते, वासच येईनासा होतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. उपसा करणारी गाडी बोलवा.