लॅपटॉपचा आवाज कोठे अडतो?

लिनक्स प्रणालीच्या लॅपटॉपमधून ध्वनी उमटेनासा झाला, म्हणजे कर्णा बिघडलाच असे नव्हे. ध्वनीची वाट पायऱ्यांची असते : प्रथम पाइपवायरसारखा ध्वनिसेवक, मग २००३ च्या २.६ आवृत्तीपासून प्रणालीच्या गाभ्यात असलेली ‘अल्सा’ ही योजना, आणि शेवटी अंकांचे विद्युत्‌प्रवाहात रूपांतर करणारे मंडल. म्हणून शोध तळापासून घ्यावा. ‘एप्ले’ ही आज्ञा ‘-एल’ या खुणेसह दिल्यास ध्वनियंत्रांची यादी मिळते. ती रिकामी असल्यास ड्रायव्हर वा फर्मवेअर यांचा अभाव संभवतो. यादीत नाव असल्यास ‘अल्सामिक्सर’ उघडावा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसल्यास ती वाहिनी मूक असते. ‘एम’ कळीने ती मोकळी होते. तरीही शांतता राहिल्यास ध्वनी एचडीएमआयमार्गे बाहेर वळला आहे काय, ते पाहावे. या क्रमाने निर्दोष यंत्र दुरुस्तीस नेण्याचा खर्च टळतो.